संगीताचे हात मला पोचवता आले नाहीत

मेडशीला, डांबरी रस्त्यापासून थोडं आत, दौलतसिंगांचं पत्र्याचं घर आहे. त्या घरात टीव्हीच्या वरच्या फळीवर मी बसलेला असतो. मित्रांनो, मी एक जुना राऊटर. घरात मला या नावानं कोणी ओळखत नाही, सगळे वायफायचा डबा म्हणतात. माझा पांढरा रंग आता पिवळट झाला आहे. माझ्या दोन दांड्यांपैकी एक मोडली होती, ती चिकटपट्टीनं बांधली आहे. पाठीवर धूळ असते. तरी माझे हिरवे दिवे अजून लागतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पट्ट्यावरून माझ्यासारखे कितीतरी डबे सरकत होते. एका बाईंनी माझी वायर जोडून दिवे पाहिले, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. खूप दिवस मी अंधारात होतो. मग मालेगावच्या एका दुकानातून हरिसिंग नावाच्या, नेट जोडणाऱ्या लाइनमननं मला उचललं आणि मोटारसायकलच्या डिकीत घालून या घरी आणलं.

मला का आणलं ते ऐका. दौलतसिंग आणि धुरपताबाईंचा मुलगा देवानंद जन्मापासून बहिरा आहे. त्याची बायको संगीता, तीही तशीच. दोघं मूकबधिरांच्या एकाच शाळेत शिकली, तिथेच त्यांची ओळख झाली. त्यांची भाषा हातांची. लिहिणं त्यांना जेमतेम येतं. नाव, गाव, थोडे सोपे शब्द, एवढंच. लग्नानंतर देवानंदला पुण्याकडे एका कारखान्यात काम मिळालं. तिथे त्याच्यासारखी आणखी मुलं होती. तो गेला आणि संगीता इथे राहिली. बोलणाऱ्या माणसांना साधा फोन पुरतो. या दोघांना एकमेकांचे हात दिसल्याशिवाय काही बोलता येत नव्हतं. घरात मोबाइलची रेंज धड नव्हती, म्हणून दौलतसिंगांनी तारेचं कनेक्शन घेतलं.

ते दिवस फार चांगले होते. रोज संध्याकाळी देवानंदची पाळी सुटायची आणि त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. संगीता फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि समोर मांडी घालून बसायची. मग तिचे हात बोलायला लागायचे. शेजारणीची म्हैस व्यायली, तूर फुलावर आली, सासऱ्यांनी चष्म्यावरच पाय ठेवला. देवानंद तिकडे पोट धरून हसायचा. घरात आवाज नसायचा, पण घर भरलेलं असायचं. धुरपताबाई दारात उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "बरं झालं बाई हा डबा आणला. दोघायच्या मधात पूल बांधला याने."

माझी याहून मोठी स्तुती कधी झाली नाही. ती चित्रं वाहता वाहता मीसुद्धा हातांची भाषा शिकलो.

मित्रांनो, माझ्यातून दोन वाटा जातात. बाहेरचं घरात येतं ती एक वाट, तिला डाऊनलोड म्हणतात. घरातलं बाहेर जातं ती दुसरी, तिला अपलोड म्हणतात. येणारी वाट रुंद असते. जाणारी अरुंद असते, आणि आमच्या कनेक्शनची तर फारच अरुंद होती. दोन माणसांच्या बोलण्याला ती पुरत होती.

मागच्या हंगामात अंगणातून सोयाबीनची पोती चोरीला गेली. दौलतसिंगांनी मनाला लावून घेतलं. त्यांनी वाशिमहून माणूस बोलावून अंगणात, गोठ्यावर आणि फाटकावर कॅमेरे बसवले. त्या कॅमेऱ्यांचं चित्र दूर कुठल्या तरी कंपनीच्या साठ्यात जमा होत असे. म्हणजे ते सगळं माझ्याच जाणाऱ्या वाटेनं जायचं. रिकामं अंगण, शेपटी हलवणारा बैल, फाटकावर बसलेला कावळा. दिवसभर मी तेच पाठवत राहायचो. वाट भरून गेली. संगीताच्या हातांना जागा उरली नाही.

येणारी वाट मात्र मोकळी होती, म्हणून कोणाच्या काही लक्षात आलं नाही. टीव्हीवरच्या मालिका छान चालायच्या. देवानंद संगीताला स्वच्छ दिसायचा. पण तिकडे त्याला संगीता दिसायची ती गोठलेली. हात अर्ध्यावर थांबलेले, बोटांचे तुकडे झालेले. तो विचारायचा, काय म्हणालीस? ती पुन्हा सांगायची. तो पुन्हा विचारायचा. मग दोघं दमायची.

घरच्यांनी उपाय केले. मला बंद करून पुन्हा चालू केलं. फळीवरून काढून खिडकीत ठेवलं, खिडकीतून देवळीत, देवळीतून परत फळीवर. त्याच गडबडीत माझी दांडी मोडली. मग हरिसिंगला बोलावलं. त्यानं वायर बदलली, स्वतःच्या फोनवर एक व्हिडिओ लावून पाहिला.

"हे पाहा, कसा सुसाट चालून राह्यला. नेट एकदम मस्त हाय काका."

"मंग सुनेले काहून त्रास होते?" दौलतसिंगांनी विचारलं.

"पोराच्या तिकडं रेंज नसन. इकडं काई नाई."

त्यानं येणारी वाट पाहिली. जाणारी कोणी पाहिलीच नाही. मी फळीवर बसून दिवे लुकलुकवत राहिलो. कॅमेरे बंद करा, एवढंच सांगायचं होतं मला. मला तोंड नाही आणि हातही नाहीत.

संगीताला तेव्हा दिवस गेले होते. पोट दिसायला लागलं होतं. एका दुपारी ती पाट्यावर चटणी वाटताना उठली आणि भिंतीला टेकून बसली. तिनं धुरपताबाईंना पोटाकडे खूण करून सांगितलं. घराला तिच्या खुणा फार येत नव्हत्या. जेवण, पाणी, ये, जा, एवढ्याच. धुरपताबाईंना वाटलं, गरोदरपणातलं नेहमीचं अवघडलेपण असेल. त्यांनी तिला ओवा चावायला दिला, पाठीला तेल लावलं आणि निजायला सांगितलं. त्यांनी मायेनंच केलं, मित्रांनो. त्यांना फक्त कळलं नाही.

संध्याकाळी देवानंदचा कॉल आला. संगीता कशीबशी उठून फोनसमोर बसली. तिनं हात पोटावर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. दुखतंय. थोडं रक्त दिसलं, आईला दाखवायची लाज वाटते. भीती वाटते. कोणाकडून तरी आईला फोन करव, मला दवाखान्यात न्यायला सांग.

माझ्याकडे हे सगळं आलं. मी ते पुढे ढकलत होतो आणि पुढे बैलाचं शेपूट होतं, रिकामं अंगण होतं. तिकडे पोचलं एकच चित्र. पोटावर हात ठेवून बसलेली संगीता, कळेनं ओठ ताणलेले, हसल्यासारखे.

देवानंदचा चेहरा उजळला. तो टाळ्या वाजवायला लागला. बाळ हललं? त्यानं हातांनी विचारलं. बाळ हललं ना? शेजारी उभ्या असलेल्या मित्राला त्यानं ओढून आणलं आणि स्क्रीनवरचं पोट दाखवलं. दोघं हसत होते.

आणि हे सगळं इकडे संगीताला अगदी स्वच्छ दिसत होतं.

तिनं जोरजोरात मान हलवली. ते त्याच्यापर्यंत गेलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं. मग चित्र तुटलं. तिनं फोनसमोर बसून सगळं एका व्हिडिओत भरलं आणि तो पाठवला. फोनवर गोल चकरी फिरत राहिली. ती त्या चकरीकडे बघत बसली. तो व्हिडिओ कधीच पोचला नाही.

सकाळी अंथरूण पाहून धुरपताबाई ओरडल्या. गाडी बोलावली, संगीताला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दुखायला लागलं तेव्हाच आणायला पाहिजे होतं. संगीता वाचली. बाळ गेलं.

देवानंद आला तेव्हा ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. त्यानं तिला स्वतःकडे वळवलं आणि हातांनी विचारलं, मला सांगितलं का नाहीस?

सांगितलं होतं, ती म्हणाली.

तू हसत होतीस, तो म्हणाला.

तू हसत होतास, ती म्हणाली, आणि तिनं आपले हात पांघरुणात घेतले. बोलणं संपवायचं असलं की हातांनी बोलणारी माणसं तसं करतात.

थोड्या दिवसांनी दौलतसिंगांची मुलगी रंजीता अकोल्याहून आली. ती तिथे नर्सिंग शिकते. तिला भावाकडून सगळं कळलं होतं. तिनं फोनवर माझा वेग मोजला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाबा, येणारं नेट चांगलं हाय. जाणारं काईच नाई. घरातून काईतरी सारखं बाहेर जाऊन राह्यलं."

तिनं एकेक वस्तू बंद करायला सुरुवात केली. आधी टीव्ही, मग वडिलांचा फोन, मग स्वतःचा दुसरा फोन. प्रत्येक वेळी ती वेग मोजायची आणि मान हलवायची. शेवटी तिनं कॅमेऱ्यांची पिन काढली. पुन्हा मोजलं. आकडा एकदम वर गेला.

"काय झालं?" दौलतसिंगांनी विचारलं.

"कॅमेरे होते, बाबा. सगळी जागा त्यायनंच खाल्ली होती. वयनीचं बोलणं जाईच कुठून?"

दौलतसिंग खाली बसले. "मी तं घर राखाले लावले होते," ते म्हणाले. संगीता चुलीपाशी होती. तिला कोणी सांगितलं नाही, पण तिनं रंजीताच्या हातातली पिन पाहिली, मग फाटकावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती हुशार आहे. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत उलटलीच नाही.

त्यानंतर एका दुपारी धुरपताबाई सुनेसमोर येऊन बसल्या. त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला, चेहरा वेडावाकडा केला आणि हे कसं सांगायचं असं खुणेनं विचारलं. संगीतानं त्यांना दुखण्याची खूण दाखवली. म्हाताऱ्या बोटांना ती जमेना. त्या पुन्हा पुन्हा करत राहिल्या. संगीता थोडा वेळ बघत राहिली आणि मग उठून आत गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा डबा असेल. नेट चालत नाही म्हणून त्याला थापट्या मारण्याआधी एवढं बघा, की येणारं अडलंय की जाणारं. घरातली कोणती वस्तू गुपचूप वाट अडवून बसली आहे ते शोधा. आणि तुम्हाला समोरचा दिसतो म्हणजे त्यालाही तुम्ही दिसता, असं धरून चालू नका. त्याला विचारा. नीट उत्तर येईपर्यंत विचारत राहा. आमच्या घरी हे फार उशिरा कळलं.

देवानंद कामावर परत गेला. कॅमेऱ्यांची पिन आता खुंटीला लटकलेली असते. माझी जाणारी वाट मोकळी आहे. संध्याकाळी कॉल येतो. संगीताचं चित्र आता कुठेही तुटत नाही, तिच्या बांगडीवरचा चराही तिकडे दिसत असेल. देवानंद रोज एकच विचारतो, काही दुखतंय का? ती हात वर करते आणि सांगते, नाही.

ते मी लगेच पोचवतो. ते खरं नाही हे मला माहीत आहे. पण तिनं जे सांगितलं, तेवढंच मला पाठवता येतं.