पी आणि आर

इंग्रजीत पी आणि आर ही दोन अक्षरं शेजारी शेजारी बसवायची अवदसा ज्याला कुणाला आठवली असेल, त्याला भाऊ रोज सकाळी दुकानाचं शटर वर करताना शिव्या घालायचा. मनातल्या मनात, अर्थात.

औषधांच्या दुकानात काउंटरला उभा राहणारा हा भाऊ तसा मुखदुर्बळ नव्हता. गिऱ्हाइकांची थट्टा करायचा, मालकांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, दिवसभर हसवायचा. पण पी-आर आले की संपलं! ओठ एकमेकांना चिकटायचे, मानेची शीर फुगायची आणि समोरचा माणूस उगाच छताकडे बघायला लागायचा. मराठीत त्याने चोरवाटा शोधल्या होत्या. प्रश्नाला सवाल म्हणायचं, प्रवासाला फिरती. बायकोला 'प्रेम' हा शब्द त्याने आजवर ऐकवला नव्हता. 'जीव आहे तुझ्यावर' म्हणाला होता, आणि तिला ते जास्तच आवडलं. इंग्रजीने मात्र त्याची पुरती कोंडी केली होती. प्रिस्क्रिप्शन! प्रोप्रायटर! प्रेग्नन्सी, प्रोबायोटिक, प्रोटीन पावडर! एकदा कंपनीचा एक टायवाला 'प्रोफेशनल प्रॉडक्ट प्रेझेंटेशन' द्यायला आला, तर भाऊ मागच्या खोलीत जाऊन रिकामी खोकी आवरत बसला. प्रिस्क्रिप्शनला चिठ्ठी म्हणून भागत होतं, पण औषधाच्या नावाला दुसरा शब्द आणणार कुठून?

म्हणून त्याने आपली नावं तयार केली होती. वरच्या फळीवरची निळी, कोपऱ्यातली लाल, बुटकी बाटली. वहिनींनाही ती पाठ झाली होती. भाऊने चिठ्ठी वाचायची, हाक मारायची, वहिनींनी काढून द्यायचं. गोळ्यांची पट्टी गिऱ्हाइकाला देण्याआधी नाव मोठ्याने वाचायचं, हा दुकानाचा नियम होता. भाऊ बाकीची नावं खणखणीत वाचायचा आणि पी-आर दिसलं की पट्टी पिशवीत टाकून मोकळा. इतकी वर्षं काही बिघडलं नव्हतं. बिघडत नाही तोवर सगळेच शहाणे असतात.

त्या दिवशी जेवणाच्या वेळेला एक माणूस घाईघाईने आला. "आईसाठी हवंय. दमा आहे तिला, सकाळपासून धाप लागलीय. डॉक्टर म्हणाले, जेवली की लगेच सुरू करा."

भाऊने चिठ्ठी बघितली. तीन औषधं. दोन वाचली, दिली. तिसरं होतं प्रेडनिसोलोन. "वहिनी, वरच्या फळीवरची निळी!" वहिनींनी पट्टी कापून हातात ठेवली. भाऊची नजर पट्टीवरच्या पी आणि आरवर पडली आणि सवयीने तशीच पुढे घसरली. पट्टी पिशवीत गेली, पिशवी त्या माणसाच्या हातात गेली आणि माणूस रस्त्यावरच्या गर्दीत गेला.

वहिनी जेवायला घरी गेल्या. भाऊ वरच्या फळीवरची धूळ झटकायला स्टुलावर चढला आणि फडकं हातातच राहिलं.

फळी बदलली होती! आदल्या संध्याकाळी वहिनींनी नवा माल एबीसीडीप्रमाणे लावला होता. 'आता कसं शाळेसारखं वाटतं बघा,' असं त्या म्हणाल्याही होत्या आणि हा 'हो हो' म्हणाला होता. पी-आरची सगळी मंडळी एका रांगेत आली होती. त्यात दोन खोकी निळ्या पट्ट्यांची. प्रेडनिसोलोनच्या खोक्याचं सील तसंच होतं. उघडलेलं होतं ते शेजारचं, प्रोप्रानोलोलचं.

ती गोळी रक्तदाबाची. दम्याच्या माणसाने घेतली तर श्वासाच्या नळ्या आणखी आवळतात. धाप लागलेल्या म्हातारीला त्याने स्वतःच्या हाताने, वर हसून, ही दिली होती.

चिठ्ठी तो माणूस घेऊन गेला होता. नाव आठवेना. वर छापलेला दवाखाना मात्र आठवत होता, मागच्याच गल्लीतला. भाऊने फोन लावला.

"औषधाच्या दुकानातून बोलतोय. तुमच्या पेशंटला चुकीची गोळी गेलीय. आत्ता, दम्याच्या बाईंना."

"अरे देवा! कुठल्या गोळीऐवजी कुठली गेली?" तिकडून दवाखान्यात फोन घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

भाऊने तोंड उघडलं. ओठ मिटले ते मिटले. घशात सगळा जोर जमा झाला, डोळ्यांत पाणी आलं, आवाज काही येईना.

"हॅलो? हॅलो! अहो, ही काय मस्करी आहे?" आणि फोन ठेवला गेला.

त्याने पुन्हा लावला तर लागेना. बस्स, मग त्याने शटर अर्धं ओढलं, प्रेडनिसोलोनची पट्टी खिशात कोंबली आणि पळत सुटला. चपला भलत्याच आवाज करत होत्या, लोक वळून बघत होते. बघा म्हणावं! एरवी चार शब्द अडकले की हा लाजून मरायचा, आज त्याला कुणाचं काही पडलं नव्हतं. म्हातारीचं जेवण झालं असेल का? वरण-भात की नुसतीच पेज, किती वेळ लागतो एका म्हातारीला जेवायला? आपली आई किती हळू जेवायची! हीपण तशीच जेवू दे, घास चावून चावून जेवू दे.

दवाखान्यात त्याने काही न बोलता टेबलावरचा कागद ओढला आणि दोन्ही नावं लिहून दाखवली. बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी वहीतून त्या दम्याच्या पेशंटच्या घरचा नंबर काढून लावला आणि रिसीव्हर त्याच्याच हातात दिला. "चूक तुमची, तुम्हीच बोला. मी काही उलटसुलट सांगितलं तर माझ्याच गळ्यात यायचं. मी बाहेरून मोबाइलवर डॉक्टरांना पकडते." आणि त्या गेल्यासुद्धा.

"हॅलो," म्हातारीच्या मुलाचा आवाज आला. मागे कुणीतरी खोकत होतं.

"औषधवाला बोलतोय. आईंनी गोळी घेतली?"

"हातावरच आहेत, पाणी आणतोय. का?"

"देऊ नका! त्यात एक चुकीची आहे. निळी पट्टी."

"आज दोन निळ्या नेल्यात मी. कुठली?"

"कुठलीच नको आत्ता. मी येतोय."

"कुठलीच नको कशी? इथे तिला श्वास पुरेना आणि तुम्ही म्हणता थांबा? अहो, आहात कोण तुम्ही? नाव सांगा गोळीचं. पट्ट्या माझ्या समोर आहेत, मी वाचतो."

भाऊने आजूबाजूला बघितलं. बाकावर बसलेले पेशंट त्याच्याकडे बघत होते. बाई बाहेर होत्या. शब्दाला दुसरा शब्द नव्हता, फळी नव्हती, रंगही नव्हता.

"प्," तो म्हणाला. "प्. प्."

फोन ठेवू नकोस रे बाबा, एवढं एकच त्याच्या मनात होतं. कपाळावरून घाम निथळला, पाय आपोआप जमिनीवर आपटायला लागला. आणि मेलं नाव तरी कसं, त्यात पी-आर एकदा नाही, दोनदा! तिकडून खोकला ऐकू येत होता, म्हणजे फोन चालू होता.

"प्रो," आलं एकदाचं. "प्रो... प्... प्..." बाकावरची एक म्हातारी नकळत त्याच्याबरोबर ओठ हलवायला लागली. "प्रा... नोलोल. प्रोप्रानोलोल! ती नको. दम्याला विष आहे ती."

पट्ट्या चाळवल्याचा आवाज आला.

"काढली बाजूला," मुलगा म्हणाला. "तिच्या हातातून काढून घेतली."

भाऊने खिशातली पट्टी चाचपली. "बाकीच्या द्या. योग्य पट्टी घेऊन मी स्वतः येतो, आत्ताच्या आत्ता. पत्ता बाईंकडून घेतो."

तेवढ्यात मुलाचा धीर सुटला. "अहो, मेली असती ती! माझ्या हाताने मेली असती! मी पेला भरत होतो! औषधं विकता की काय विकता? मी सोडणार नाही, तक्रार करणार आहे. वरपर्यंत जाणार."

"करा," भाऊ म्हणाला. "चूक माझीच आहे. वहिनींची... दुसऱ्या कुणाची नाही. नाव वाचून द्यायचं असतं, मी वाचलं नाही."

"तुमचं नाव सांगा. पूर्ण नाव."

बाई दारातून आत आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं. हळू आवाजात त्या म्हणाल्या, "भाऊ, ठेवा तो फोन. रागात आहेत ते. दुकानाचं नाव माहीतच आहे त्यांना, नंतर मालक बघून घेतील."

खरंच होतं. ठेवता आला असता. भाऊ म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं, सगळं जग त्याला तेवढ्याच नावाने ओळखत होतं आणि तेही त्यानेच करून ठेवलं होतं. कारण वडिलांनी हौसेने ठेवलेल्या त्याच्या खऱ्या नावाची सुरुवातच पी आणि आरने होत होती. शाळा सुटल्यापासून त्याने ते स्वतःच्या तोंडाने कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याने बाईंकडे बघून मान हलवली आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"लिहून घ्या," तो म्हणाला. "जरा वेळ लागेल."