आतून लावलेली कडी

मी कडी बोलतेय. पितळेची वगैरे नाही, साधी लोखंडाची. पण माझा एक गुण लाखमोलाचा: आत गेलेल्या माणसाला मी एकटं राहू देते.

नशीब बघा, मला बसवलं देखरेख कार्यालयातल्या बायकांच्या संडासाला. कोर्टानं तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडलेल्या बायका दर सोमवारी इथे लघवीचा नमुना देतात. नशा केली की नाही, ते त्यावरून कळतं. नियम असा, की कडी लावायची नाही आणि मदतनीस आक्कानं दारात उभं राहून बघायचं. म्हणजे मी असून नसल्यासारखीच.

त्यांतली एक शिवणकाम करायची. नवऱ्याच्या मारानं अंग ठणकायचं, म्हणून गोळ्या घेऊ लागली. मग गोळ्यांनीच तिला धरलं आणि औषधाच्या दुकानातून त्या चोरताना ती सापडली. लोक म्हणाले, जित्याची खोड. मारणाऱ्याच्या खोडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

अकरा सोमवार तिचे नमुने स्वच्छ निघाले. बारावा निघाला की आजीकडे ठेवलेली लेक तिला परत मिळणार होती. नेमका त्याच दिवशी नवरा बाहेरच्या बाकावर येऊन बसला. चार ग्लास पाणी पिऊनही तिला लघवी होईना. घरच्या न्हाणीची कडी त्यानंच उपटून टाकली होती, हे तिनं आक्काला हळूच सांगितलं.

"लाव कडी," आक्का म्हणाली. "मी बाहेर उभी आहे."

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा पूर्ण बसले. आत ती आधी रडली, मग बाटली भरली. मला फार बरं वाटलं हो.

नमुने जमा करून घेणाऱ्या साहेबबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, दार उघडं होतं ना? आक्काला खोटं बोलता येत नाही. नमुना तपासायला गेलाच नाही. टाळाटाळ केली असा शेरा पडला आणि लेकीची तारीख सहा महिने पुढे गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पुढच्या सोमवारी ती आलीच नाही. त्यानंतरच्या सोमवारी आली, तेव्हा डोळे तारवटलेले होते आणि जीभ जड झाली होती. दार सताड उघडं होतं. तिला त्याचं आता काहीच वाटत नव्हतं. आक्कानंच तोंड फिरवलं.

त्याच दुपारी सुतारानं मला काढलं. आता मी आक्काच्या खणात पडून आहे, चार स्क्रूंसकट. इथे मला पुन्हा लावू नका, माझी तक्रार नाही. पण कुणीतरी मला तिच्या घरी न्या आणि न्हाणीच्या दाराला लावा. आतून.