गोल कोपऱ्यांचं स्टेशन आणि एक नारळ

एक होतं स्टेशन, एक होती आशालता, तिचा लेक अनिरुद्ध आणि नात सिद्धी. त्यातलं स्टेशन म्हणजे मी. मीच बोलतोय, आणि गोड बोलणार नाही.

ऑकलंडच्या पश्चिमेला, न्यू लिनच्या जरा अलीकडं, रस्त्याच्या पोटात माझे फलाट आहेत. वर तिकिटांचा हॉल. एकोणीसशे एकतीसच्या भूकंपात इथलं नेपियर शहर कोसळलं, त्यानंतर काही वर्षांनी मला बांधलं. नक्षी नाही, कळस नाही. सपाट छत, आडव्या लांब खिडक्या, आणि टोकदार कोपरा म्हणून औषधालाही नाही. सगळे गोल, धिरड्याच्या कडेसारखे. बांधणारे म्हणाले, हे नव्या जमान्याचं. त्या जमान्याला माणसं चार दिवसांत विटली.

माणसांबद्दल माझं मत वाईटच आहे. माझ्या हिरव्या फरशांना च्युइंगम चिकटवतात, जिन्यात चिप्सचे तेलकट कागद टाकतात, जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत जातात आणि वर म्हणतात, "किती कुबट वास येतो इथं!" कुणाचा वास तो? तुमचाच.

दोन हजार अकरात भूकंपानं ख्राइस्टचर्च हादरलं. विटांच्या भिंती रस्त्यावर आल्या. अनिरुद्ध तेव्हा तिथंच इंजिनिअर होता. पुढं तो इकडं आला, पण विटा दिसल्या की त्याला त्या पडलेल्या भिंतीच दिसायच्या. माझे नकाशे कधीच हरवलेले. त्यानं माझ्या बाहेरच्या विटांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पाडायलाच हवं." पोटात काय आहे ते विचारलंसुद्धा नाही. मला दात असते तर चावलो असतो.

त्याचंही अडलेलं होतं म्हणा. व्हिसा नोकरीला बांधलेला, आणि नोकरी मला पाडायच्या कामाला. काम थांबलं, तर घरादारानं बॅगा भरायच्या.

पाडायच्या दिवशी सकाळी त्याची आई आणि मुलगी त्याच्याबरोबर आल्या. आशालताबाईंच्या पिशवीत नारळ.

"आई, अगं पाडायच्या कामाला कुणी नारळ फोडतं का?"

"काम ते काम. पहार लावायच्या आधी त्याची माफी मागावी. इतकी वर्षं उभंय बिचारं."

"आजी, सो एम्बॅरसिंग! एव्हरीवन्स लुकिंग," सिद्धी पुटपुटली.

"बघू देत. खोबरं देईन त्यांनाही."

बाईंनी पायरीच्या कडेवर नारळ आपटला. कड गोल. नारळ निसटून जिन्याकडं घरंगळला. सिद्धीनं पळत जाऊन आणला. मग खांबाचा कोपरा. तोही गोल. पुन्हा निसटला.

"मेल्याला एक धड कोपरा नाही!" बाई करवादल्या आणि दोन्ही हातांनी नारळ थेट भिंतीवर हाणला.

नारळ शाबूत. वीट फुटली. वीट कसली, वरून चिकटवलेली पातळ चकती. मागं काँक्रीट, आणि त्याचा टवका उडालेल्या जागी अंगठ्याएवढी जाड सळई, भूकंपातही तग धरणारी.

अनिरुद्ध पांढराफटक पडला. त्याचा हात त्या भोकावर गेला. चाचपायला की झाकायला, मला कळेना.

"आई, हे सांगितलं तर आपलं इथलं संपलं गं."

"संपू दे. माफी मागून मग मान कापायची का?"

त्यानं भोकावरचा हात काढला. मग मशिनवाल्याकडं वळून ओरडला, "स्टॉप, ब्रो! सगळं बंद!"

साहेबानं त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. घरी बॅगा माळ्यावरून खाली आल्या. मग अनिरुद्धच्याच हातून माझी तपासणी झाली. आरपार सळया निघाल्या. नेपियर बघून बसलेल्यांनी बांधलेला मी, असा कसा पोकळ असेन? मला पाडण्याऐवजी डागडुजी करायचं ठरलं, आणि माझं अंतरंग ठाऊक असलेला एकच माणूस होता. अनिरुद्धची नोकरी कायम झाली. पुढच्या वर्षी सगळ्यांना इथं राहायचा हक्क मिळाला आणि बॅगा पुन्हा माळ्यावर गेल्या.

त्या दिवशी बाई नव्या नारळाच्या वड्या घेऊन आल्या. एक माझ्या खिडकीत ठेवली. तासाभरात मुंग्या लागल्या.

लागू देत. खोबरं त्यांनाही.