सहावा नियम

वाघोलीतल्या त्या बंगल्याला पाटी नव्हती. शेजाऱ्यांना सांगितलं होतं, परदेशी मंडळी इंग्रजी शिकायला आली आहेत. ते अगदीच खोटं नव्हतं. मी शिकवत होते ते इंग्रजीतूनच.

मी पूर्णिमा रणपिसे. तीस वर्षं कायदा शिकवला, मग निवृत्त झाले. केयूर हा माझा जुना विद्यार्थी, एक छोटी संस्था चालवतो. एकदा घरी येऊन म्हणाला, "मॅडम, सहा आठवडे द्याल का?" म्यानमारमधून अकरा जण येणार होते. शिक्षक, नर्स, एक वकील, शेतकरी संघटनेतले दोघे. लष्कराने सत्ता घेतल्यापासून त्यांच्या गावांत जे चाललं होतं, त्याच्या साक्षी कशा नोंदवायच्या की उद्या एखाद्या न्यायालयात त्या टिकतील, एवढंच मला शिकवायचं होतं.

नियम मीच लिहून दिले. खरी नावं वापरायची नाहीत. सकाळी फोन टोपलीत जमा करायचे, ते वर्ग सुटल्यावर परत मिळतील. फोटो अजिबात काढायचे नाहीत. आणि सहावा नियम: वर्गाची माहिती बाहेर देणाऱ्याला त्याच दिवशी परत पाठवलं जाईल. हे लिहिताना माझा हात अडखळला नव्हता.

नाव काय घ्यायचं यावर पहिल्या दिवशी बराच हशा झाला. कोपऱ्यावर फळांची गाडी होती, त्यामुळे कुणी पपई झालं, कुणी चिकू. शेतकरी संघटनेतला एक उंच माणूस डाळिंब झाला. त्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही. मंडालेची एक शाळामास्तरीण पेरू झाली. तिचं खरं नाव थिडा, ते मला नंतर कळलं. ती मला सयामा म्हणायची. त्यांच्याकडे बाईंना तसं म्हणतात. लष्कराविरुद्धच्या संपात गेली म्हणून तिची नोकरी गेली होती.

चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी मी एक सराव दिला. एकाने काल्पनिक पीडित व्हायचं, दुसऱ्याने त्याची साक्ष लिहून घ्यायची. त्या दिवशी थिडाचा जोडीदार आजारी होता म्हणून तिची साक्ष मीच घ्यायला बसले.

तिने एका बाईची गोष्ट सांगितली. ही बाई परदेशात शिकायला गेलेली असते. मंगळवारी तिच्या आईच्या फोनवरून फोन येतो, पण बोलतो एक पुरुष. तो म्हणतो, तुझा भाऊ आमच्याकडे आहे. चहाच्या दुकानातून उचललाय. त्याला आघाडीवर पाठवायचं की घरी, ते तू ठरव. तुझ्याबरोबर कोण कोण आहे, त्यांचे चेहरे आम्हाला हवेत.

"तेव्हा मागे कसले आवाज येत होते?" मी ठरलेला प्रश्न विचारला.

"आईचं शिलाई मशीन चालू होतं. तो म्हणाला, म्हातारे, बंद कर ते. मग मशीन बंद झालं."

मी लिहिता लिहिता थांबले. तीस वर्षांत मी मुलांच्या हजारो काल्पनिक साक्षी तपासल्या असतील. त्यात अत्याचार असतात, अन्याय असतो, मोठमोठे शब्द असतात. शिलाई मशीन नसतं.

"मग त्या बाईने काय केलं?"

थिडाने खाली पाहिलं. "अजून ठरलं नाही."

चार वाजता वर्ग सुटला. मी तिला वाळत घातलेले कपडे आणायच्या निमित्ताने गच्चीवर नेलं. खाली पाण्याचा टँकर लागला होता, त्याच्या मोटारीच्या आवाजात कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं.

"त्यांना काही पाठवलंस का?" मी विचारलं.

"एक फोटो." तिने हातातली चादर घडी करून पुन्हा उलगडली. "सोमवारी, स्वयंपाकघरातला. डाळिंब कांदे चिरत होता. बाजूने दिसतोय. मला वाटलं, बाजूने ओळखू येणार नाही."

"सोमवारी? फोन तर मंगळवारी आला म्हणालीस."

"तो मागच्या मंगळवारचा, सयामा. आता त्यांना सगळे हवेत. समोरून. शुक्रवारपर्यंत."

मी टाकीच्या कठड्यावर बसले. ती माझ्यासमोर उभी राहिली, शाळेत चुकलेली मुलगी उभी राहते तशी.

"सहावा नियम तुम्हीच लिहिलाय ना?"

"हो."

"मग आजच पाठवाल?"

परत पाठवलं की विमानतळावरच तिला उचलणार. पाठवलं नाही तर खाली दहा माणसं आहेत, त्यांचा माझ्यावर विश्वास आहे. तिच्या हातून फोन काढून घेतला तर भाऊ जाणार. दिला तर बाकीचे जाणार. मी हिशेब मांडत राहिले आणि कोणत्याही बाजूने वाट निघेना.

"आज काही करू नकोस," मी म्हणाले. "फोन माझ्याकडे दे. उद्या सकाळी बघू."

एवढंच केलं मी. रिक्षा करून वारज्याला घरी आले. जेवताना नवऱ्याला, सुदर्शनला, सगळं सांगितलं. तो खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सुरक्षा विभागात होता, कमी बोलतो. त्याने घास ताटात ठेवला.

"त्या डाळिंबाला सांगितलंस?"

"उद्या तिलाच सांगायला लावते. सर्वांसमोर. तेच बरं."

"कुणासाठी बरं?" तो म्हणाला.

मला राग आला. मी ताट उचलून उठले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी बंगल्यावर पोचले तेव्हा डाळिंब पायरीवर बसला होता. पहाटे त्याच्या बायकोचा फोन आला होता. घरी लष्कराची गाडी आली. बायको माहेरी होती म्हणून वाचली. म्हाताऱ्या वडिलांना घेऊन गेले.

आत सगळे गोल बसले होते. थिडाने उभं राहून आधी त्यांच्या भाषेत सांगितलं, मग माझ्यासाठी इंग्रजीत. कुणी ओरडलं नाही. नर्स असलेली पपई उठून आत गेली आणि तिने आतून कडी लावली.

डाळिंबाने थिडाकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. केयूर बाजूलाच होता, त्याने माझ्याकडे पाहिलंही.

"काल. चार वाजता."

"तुमचे चार म्हणजे आमचे पाच," तो म्हणाला. "पाचला बाबा दुकान बंद करतात. तेव्हा फोन केला असता तर ते घरी गेलेच नसते."

साक्षीदाराला धीर कसा द्यायचा, याची चार पानं मीच त्यांना वाटली होती.

वकील म्हणाला, नियम आहे तर तो पाळा, तिला पाठवा. दोघा-तिघांनी मान हलवली. तेव्हा डाळिंब बोलला. "पाठवू नका. तिथे तिला मारतील आणि ती आपल्या सगळ्यांबद्दल सांगेल. कुणीही सांगेल. तिला इथेच ठेवा."

दया म्हणून नाही. कपाट बंद ठेवा म्हणावं, तशा आवाजात.

केयूरने वर्ग गुंडाळला. तीन दिवसांत सगळे निरनिराळ्या वाटांनी गेले. डाळिंब घरी जाऊ शकत नव्हता, तो थायलंडच्या सीमेकडे गेला. थिडा माझ्याबरोबर वारज्याला आली.

परदेशी पाहुण्याची पोलिसांत नोंद करावी लागते, ती केली. सोसायटीचे सेक्रेटरी रावसाहेब जिन्यात भेटले. "मॅडम, पाहुण्या बऱ्याच दिवसांच्या दिसतात. नोंद केलीत ना? नाहीतर आम्हाला तुमची बातमी पेपरात वाचावी लागेल."

"केली आहे. प्रत हवी का?"

"छे छे, आम्ही कोण विचारणारे?" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी प्रत मागून घेतली.

दिल्लीत निर्वासितांच्या कार्यालयात अर्ज केला. त्यांनी एक क्रमांक दिला आणि वाट पाहायला सांगितलं. व्हिसा संपला. थिडाच्या भावाला आघाडीवर पाठवलंच, एवढं तिच्या मंडालेच्या शेजाऱ्यांकडून कळलं. जिवंत आहे की नाही ते कळलं नाही. आईचा फोन लागत नाही.

थिडा फाटकाच्या बाहेर जात नाही. धुतलेली भांडी पुन्हा धुते. सकाळी मी बुद्धवंदना म्हणते तेव्हा मागे येऊन बसते. मी सरणं म्हणते, ती थरणं म्हणते, त्यांच्याकडे पाली तशीच उच्चारतात. एकदा मी म्हटलं, चल, नदीकडे फिरून येऊ. ती चप्पल घालून दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. दहा मिनिटांनी तिने चप्पल काढली.

गेल्या आठवड्यात, दहा महिन्यांनी, डाळिंबाचा फोन आला. सीमेवरच्या एका गावात तो आता बारा जणांना साक्षी नोंदवायला शिकवतो. माझ्या टिपणांची फाइल उघडत नव्हती, ती पुन्हा हवी होती. थिडा समोर मेथी निवडत होती. आवाज ओळखून तिचे हात थांबले.

"वडिलांचं विचारा," ती हळूच म्हणाली.

मी विचारलं. "आहेत," तो म्हणाला. "भेटू देत नाहीत." मग फोन ठेवला.

"माझ्याबद्दल?" थिडाने विचारलं.

"नाही."

"बरोबर आहे." तिने मेथीची जुडी बाजूला सारली. "इंग्रजी टिपणं त्या लोकांना कळणार नाहीत. मी बर्मीत करून देते. माझं नाव घालू नका."

तीन दिवस ती सलग बसली. छत्तीस पानं झाली. मी ती पाठवली. तासाभरात त्याचं उत्तर आलं: भाषांतर चांगलं आहे, कुणी केलं?

त्याला ठाऊक असणारच. तरीही विचारलंय. खरं लिहिलं तर कदाचित तो ती पानं फेकून देईल. खोटं लिहायला माझा हात होत नाही.

त्याचा प्रश्न तसाच पडून आहे, आज चौथा दिवस. थिडा रोज सकाळी विचारते, "पोचलं का, सयामा?"

"पोचलं," मी सांगते.