जेवलीस का?

मशीन दोनदा बंद पडलं आणि दोन्ही वेळा रिलेच्या कपाटाचं दार उघडं टाकून समोर रिले तपासणारी तीच बसलेली. मग काय, सगळ्या वीजकेंद्रात एकच पालुपद, पोरीचा हात लागतो. साहेबांनी सांगून टाकलं, पुन्हा झालं तर ही खोली सोड आणि स्टोअरमध्ये बोल्ट मोजत बस. ती पाना आपटूनच बाहेर पडली.

रिले म्हणजे मशीनचा राखणदार. बिघाडाचा नुसता वास आला की मशीन बंद करतो. जुने रिले म्हशीसारखे, कानाशी ढोल बडवा, ढिम्म. हे नवे इलेक्ट्रॉनिक मात्र सशाच्या काळजाचे.

आज तिनं साहेबांना विचारून मशीन बंद करणारी तारच सोडवली. आता रिलेनं कितीही बोंब मारली तरी मशीन चालूच राहणार. कपाट उघडलं, हात पाठीमागे बांधले आणि टक लावून बसली. काही नाही.

तेवढ्यात कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. खोलीच्या मोठ्या खिडकीखाली टर्बाइनवर तिचे बाबा फोरमन. आई गेल्यापासून जेवणाच्या सुट्टीत त्यांचा रोज एकच प्रश्न.

"जेवलीस का गं?"

तिनं बटण दाबलं. "हो, बाबा."

रिलेवरचा लाल दिवा भक्कन लागला.

दार लावून बटण दाबलं, दिवा गप्प. उघडून दाबलं, लाल. म्हणजे मागे दोन्ही वेळाही तिच्याच वॉकीटॉकीच्या लहरी उघड्या दारातून आत घुसत होत्या. साहेबांना बोलावून दाखवलं. ते डोकं खाजवत म्हणाले की उद्यापासून या खोलीत वॉकीटॉकी आणायचा नाही. स्टोअर टळलं.

पण बाबांना सांगायला तिची जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं नाही तसे ते गुडघे धरत जिना चढून आले, तोंड पांढरंफटक. मग तिनं सगळं सांगितलं.

बाबा तिथंच स्टुलावर टेकले. "म्हणजे माझ्यामुळे तुझ्यावर आळ आला."

"तुमच्या विचारण्यानं काही झालं नाही. मी बटण दाबलं, त्यानं झालं."

"मग उद्यापासून विचारत नाही."

ती फणकारली. "विचारायचं. एवढी मोठी खिडकी काय शोभेला ठेवलीय?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी खालून तोंडाशी हात नेला. तिनं रुबाबात काचेपाशी डबा उलटा धरला. उरलेली भाजी सगळी तिच्याच बाहीवर.

खाली बाबांनी बोट उगारलं, आणि ती मुकाट्यानं डब्यातला शेवटचा घास शोधायला लागली.