मला फोडायचं राहून गेलं

मी चूल बोलतेय. सोनईला रंगनाथ गुरुजींच्या घरात, मागच्या खोलीत माझी जागा आहे. बसल्या जागेवरून मला फारसं दिसत नाही. पण या घरातली माणसं सुखदुःखाचं बोलायला माझ्यापुढंच येऊन बसतात, त्यामुळं मला बरंच ठाऊक आहे.

गुरुजींच्या आईनं, दगडाबाईनं, मला घडवलं. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा तिनं आपली जुनी चूल मोडली आणि म्हणाली, "नव्या सुनंला माजी चिरकलेली चूल नगं." ओढ्याची चिकणमाती, भुसा, घोड्याची लीद असं सगळं तिनं पायांनी तुडवलं आणि तळहातानं मला आकार दिला. शेजारी एक वैलही काढला, म्हणजे एका जाळावर भाकरी आणि कालवण दोन्ही होईल. मी वाळत होते तेव्हा ती येता-जाता माझ्यावरून हात फिरवायची.

मग पुष्पावती आली. पहिल्या दिवशी तिनं मला हळदकुंकू वाहिलं, पहिल्या भाकरीचा तुकडा माझ्या तोंडात टाकला आणि हळूच म्हणाली, "पेट गं बाई, मला बोल लावू नगंस." तेव्हापासून आमचं जमलं. रोज सकाळी ती मला सारवायची. लेक झाली, बनी तिचं नाव, तिला मांडीवर घेऊन ती माझ्यापुढं बसायची. बाकी कुणाशी बोलली नाही एवढं ती माझ्याशी बोलली.

पण त्या खोलीला खिडकी नव्हती. धाब्याला एक धुराडं होतं. त्यातून जाईल तेवढा धूर जाई आणि उरलेला पुष्पावतीच्या छातीत साठे. आधी तिला नुसता ठसका लागायचा, मग सकाळचा खोकला सुरू झाला. पुढं पुढं ती भाकरी थापता थापता परातीच्या काठाला धरून थांबायला लागली. सगळी म्हणत, चुलीपुढच्या बाईला खोकला व्हायचाच.

एकदा ती माझ्यापुढंच आडवी झाली. तेव्हा गुरुजी तिला नगरला मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. परत आल्यावर ते दगडाबाईला सांगत होते, "आई, डॉक्टर म्हणाले, हिला धूर बंद करा. आणि जमेल तेव्हा हवापालटाला न्या, छाती मोकळी होईल."

दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. पण गुरुजींना सुट्टी मिळायची ती दिवाळीची आणि उन्हाळ्याची. एका सुट्टीत ही दोन कामं बसवायची कशी, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

एकाहत्तरच्या दिवाळीत काम काढलं. पुंजाराम गवंडी आला. मागची भिंत फोडून मोठी खिडकी ठेवायची, तिच्याखाली उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा आणि ओट्यावर उंच धुराड्याची नवी चूल, असं ठरलं. म्हणजे मला फोडायचं. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण पुष्पावती रात्रभर बसून श्वास ओढायची ते मी ऐकलं होतं. मी मनात म्हटलं, फोडा बाबांनो, लवकर फोडा.

पुंजारामनं भिंतीला भगदाड पाडलं, धाब्याचं धुराडं काढून तिथलं भोक लिंपून टाकलं आणि हात झटकत म्हणाला, "गुरुजी, शिमिट संपलं. नगरावरनं यायला येळ लागंल."

गुरुजी त्या भगदाडासमोर उभे राहिले. "मग सुट्टी अशीच घालवायची का? तेवढ्यात हिला भंडारदऱ्याला नेऊन आणतो."

ते गेले आणि दुसऱ्याच दिवशी सिमेंट आलं. पुंजाराम दगडाबाईला म्हणाला, "मावशी, वट्टा किती उंच घेऊ? सैपाक करनारीच्या कमरंचं माप लागतं." दगडाबाई सुनेच्या खांद्याएवढीही नव्हती. तिनं भिंतीवर हात लावून पाहिला, पुन्हा खाली घेतला, आणि म्हणाली, "तीच यिऊ दे बाबा." पुंजाराम दुसऱ्या कामावर गेला तो गेलाच.

पुष्पावती परतली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. गालावर रंग होता. ती सासूला सांगत होती, "आत्याबाई, तिथं मी उताणी निजले! किती वर्सांनी निजले. धरनावरनं वारं आलं की आपसूक आत जातं. वढावं लागत न्हाई."

मग शाळा सुरू झाली. थंडी आली म्हणून भगदाडाला पत्रा ठोकला आणि वरून पोती लावली. जुनं धुराडं आधीच बुजवलेलं होतं. आता माझा धूर जाणार कुठं? पूर्वी निदान थोडा तरी बाहेर पडायचा. सिमेंटची गोणी कोपऱ्यात ओल धरून दगड झाली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा काम काढायचं ठरलं, तर त्याच सुमारास पुष्पावतीची छाती अशी भरली की गुरुजी घाबरले आणि तिला पाचगणीला घेऊन गेले. ती बरी होऊन आली, पण तोवर सुट्टी संपली होती. असं ते चक्र बसलं. खोली पुरी होत नाही म्हणून हवापालट करायचा आणि हवापालटात सुट्टी गेली म्हणून खोली पुरी व्हायची नाही. गुरुजी वाईट माणूस नव्हते. तिचा जीव घुसमटला की त्यांचाही घुसमटायचा, आणि मग एस.टी.त बसून निघून जाणं हे भिंत बांधण्यापेक्षा लवकर होणारं होतं.

एकदा पुष्पावती एकटीच माझ्यापुढं बसून म्हणाली, "गेलेच नसते तर बरं हुतं गं. हितं असंच असतंय म्हनून बसले असते. आता म्हाईत झालं ना, वारं कसं असतंय ते."

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरींनी तळ दाखवला. पुंजाराम दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. गुरुजी त्याला गाठायला गेले, तर तो म्हणाला, "येतो की गुरुजी, पर भित्ताडावर मारायला पानी कुठलं? प्यायला न्हाई." गुरुजी एकटेच परतले.

सरपणही आटलं. ओल्या बाभळीचे फाटे, पऱ्हाट्या, उकिरड्यावरचा पाचोळा, मिळेल ते माझ्या तोंडात यायला लागलं. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी शेकायला वेळ घ्यायची. रॉकेल दिव्यापुरतं मिळायचं, त्यामुळं स्टोव्ह फळीवर तसाच पडून होता. धूर इतका व्हायचा की पुष्पावती मला दिसायची नाही, नुसता खोकला ऐकू यायचा.

मग तिनं अंगणात तीन दगड मांडून पाहिले. अंगणाला लागूनच रस्ता, आणि त्या रस्त्यानं कामावर जाणारी माणसं. पहिल्या सकाळी एक बाई कडेवर पोर घेऊन थांबली. काही मागितलं नाही तिनं. नुसती तव्याकडं बघत राहिली. पुष्पावतीनं भाकरी दिली. दुसऱ्या सकाळी आणखी माणसं थांबली. पीठ तेवढंच होतं. ती तवा उचलून आत आली, माझ्यावर ठेवला आणि सासूला म्हणाली, "त्यांच्या डोळ्यांम्होरं थापवत न्हाई मला, आत्याबाई. त्यापरीस धूर बरा."

दगडाबाईनं तिला उठवून स्वतः बसायचा प्रयत्न केला. पण तिला दिसायचं कमी. धुरात हात पोळला. सून पुन्हा माझ्यापुढं आली.

त्र्याहत्तरचा उन्हाळा लागला. गुरुजींचे एक मित्र मुरुडला समुद्राकाठी शिक्षक होते. गुरुजी म्हणाले, "खोलीचं काही होणार नाही. हिला तिकडं नेतो."

दगडाबाई पहिल्यांदा मुलावर ओरडली, "गाव तहानलंय अन् तू बायकूला समिंदर दाखव! आरं, तिला न्हेतोस ते सुखासाठी न्हेतोस, पर मागारी आनतोस ती कुठं? ह्याच खोलीत ना?"

गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "मग काय करू, आई? तूच सांग."

 ते पुष्पावतीला आणि बनीला घेऊन गेले.

ते येणार त्या सकाळी दगडाबाई पहार घेऊन खोलीत आली. माझ्यापुढं बसली. माझ्यावरून हात फिरवला, जसा मी वाळत होते तेव्हा फिरवायची तसा. "तुजा काय दोस न्हाई, बाई," ती म्हणाली, "पर तू हायस तवर ती तुज्याम्होरं बसनार." मग तिनं पहार मारली. आधी वैल गेला, मग माझी पुढची कड, मग पाठ. ती थांबून थांबून मारत होती आणि रडत होती. मला भीती वाटली, पण त्याहून अधिक सुटल्यासारखं वाटलं. मी मातीचा ढिगारा होऊन पडले.

दुपारी बनीचा आवाज आला, "आजी, आई पळाली! लाटंच्या मागं पळाली! मी बघितलं!" पुष्पावती हसत आत आली, आणि मला पाहून दारातच थांबली.

"आत्याबाई, ह्ये काय केलं?"

"फोडली. आता बस कशी धुरात बसतीस ती."

पुष्पावतीनं सासूच्या पायांना हात लावला. मला वाटलं, संपलं. त्या संध्याकाळी शेजारच्या छबूबाईनं भाकऱ्या दिल्या. दुसऱ्या दिवशीही दिल्या. पण छबूबाईच्या घरी खाणारी तोंडं किती होती! तिसऱ्यांदा बनी तिच्या दारातून रिकाम्या हातानं आली आणि कोपऱ्यात बसली.

पुष्पावती उठली. भांडी विसळलेलं पाणी कुणी टाकत नव्हतं, ते तिनं ढिगाऱ्यावर ओतलं आणि माती मळायला घेतली.

"पुष्पे, हात लावू नगंस!" दगडाबाईनं तिचं मनगट धरलं. "माज्या गळ्याची आन हाय तुला."

"मग पोरीला काय देऊ? तुमाला काय देऊ?"

 मनगट धरलेला दगडाबाईचा हात सैल झाला. थोड्या वेळानं तो हातही चिखलात आला. दोघी मिळून मला पुन्हा घडवायला लागल्या. मी ओरडत होते, नका, मला माती राहू द्या. पण मातीचं कोण ऐकतं?

एक मात्र पुष्पावतीनं केलं. तिनं मला जुन्या जागी बसवलं नाही. भगदाडाखाली बसवलं आणि ठोकलेला पत्रा दोन्ही हातांनी ओढून काढला. पोती फेकून दिली. तेवढ्यात टँकरवरून हंडे घेऊन गुरुजी आले. उघडं भगदाड आणि ओली चूल बघून म्हणाले, "पुढच्या सुट्टीत मी..." दोघींपैकी कुणीही मान वर केली नाही. त्यांनी हंडे खाली ठेवले आणि वाक्य तिथंच सोडलं.

वारा बाहेर जायचा तेव्हा माझा धूर बाहेर जायचा. वारा फिरला की तो सगळा तिच्या तोंडावर यायचा.

मग पाऊस आला, चांगला आला. विहिरी भरल्या. पण भगदाडातून ओलही आत आली, आणि त्या ओलीनं पुष्पावतीचं उरलंसुरलं बळ गेलं. आता तिला खोलीतून अंगणात जायचं तरी मध्ये बसावं लागतं. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा गुरुजी तिच्या उशाशी बसून म्हणाले, "भंडारदऱ्याला जाऊ या का? तुला तिथं बरं वाटतं."

"मला आता कुठं न्हेऊ नका," ती म्हणाली. "यष्टीची पायरी चढवायची न्हाई मला. हितं खिडकी करा."

गुरुजी तसेच उठले आणि पुंजारामला घेऊन आले. आज काम चाललंय. गुरुजी धोतराचा काचा मारून स्वतः विटा देतायत. माझ्या शेजारून ओटा कमरेएवढा आला आहे, खिडकीची चौकट उभी आहे. तो वाळला की मला फोडणार. मी तयार आहे. पण मला वेळेत फोडतायत की उशीर झालाय, हे कुणी मला सांगेल का? दगडाबाई तर आता माझ्यापुढं येत नाही. ती अंगणात सुनेच्या बाजेजवळ बसून असते.

मधेच गुरुजींनी हात धुतले आणि माझ्यापुढं बसले. आज भाकरी त्यांनी थापली. वाकडीतिकडी, काठाला फाटलेली. ती तव्यावर टाकून ते धुरानं डोळे पुसत राहिले. त्यांनाही खोकला आला. तो येताच ते दचकले आणि माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी त्यांना आजच दिसले.

बाहेरून पुष्पावतीचा आवाज आला, "अवो, उलटा की! करपतीय, वास येतोय!"

गुरुजींनी घाईनं उलटली, ती अर्धी तव्याबाहेर गेली. अंगणात पुष्पावती हसली. किती दिवसांनी हसली! मग त्या हसण्यातच तिला ठसका लागला. ठसक्याचा खोकला झाला. दगडाबाई पाठ चोळत म्हणत होती, "श्वास घे पोरी, श्वास घे." बनी पाणी घेऊन पळाली. गुरुजी भाकरी तशीच टाकून धावले.

खोकला थांबत नाही. पुंजाराम थापी हातात धरून बाहेर कान देऊन उभा आहे.

पुंजाराम, तू थांबू नकोस. ऐकू नकोस काही. हात चालव, बाबा.