कोमट टीव्ही

मी लॅबमध्ये रक्त तपासते. नवराही तिथेच, पलीकडच्या टेबलावर. वरिष्ठ तंत्रज्ञाच्या परीक्षेला दोघांनी बसायचं ठरलं. वयाच्या अटीमुळे माझी ही शेवटची संधी. त्याला अजून दोनदा बसता आलं असतं. ही हुकली की निवृत्तीपर्यंत सुया टोचत बसायचं, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून नियम मीच केला: परीक्षा होईपर्यंत टीव्ही बंद, पत्ते बंद, गप्पा बंद. माझी मालिका ऐन रंगात आली होती, तिच्यावरही पाणी सोडलं.

नवरा "बरं" म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्या महिन्यांत आमच्या ड्यूटीच्या वेळा वेगवेगळ्या होत्या, तो माझ्याआधी घरी पोचायचा. तिसऱ्याच दिवशी घरी आले तर हा पुस्तकात डोकं खुपसून बसलेला, अगदी शहाण्या बाळासारखा. पडदे सारायच्या निमित्ताने मी टीव्हीच्या पाठीला हात लावला. कोमट!

आमच्या कामात एका तपासणीवर निष्कर्ष काढत नाहीत. लॅबमधला जादाचा थर्मामीटर पर्समधून घरी आणला आणि वहीत तारीख, वेळ, तापमान लिहू लागले. हसायचं तर हसा. रोज खोलीपेक्षा निदान दोन अंश जास्त! माझं पुस्तक मांडीवर उघडं असायचं आणि कान बाहेरच्या खोलीकडे. जिन्यात उभी राहून दाराला कान लावायचे, तेव्हा तर पुस्तक पिशवीतच असायचं. सहा आठवडे असे गेले.

शेवटी एकदा तासभर आधीच आले. हा टेबलावर पाय टाकून मॅच बघत होता.

"सापडलास!"

"अगं, रोज एक तास बघतो, मग चार तास बसतो," तो म्हणाला. "त्याशिवाय डोक्यात काही शिरत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ऐकून घेतलं असतंस?"

नसतंच घेतलं. पण असल्या थापांना मी भुलणार नव्हते.

"चार तास बसतोस ना? मग सांग, किडनीच्या आजारात रक्त कमी का होतं?"

त्याने किडनीतल्या हार्मोनचं नाव सांगितलं, लाल पेशी कशा घटतात ते सांगितलं, वर दोन अपवादही सांगितले. मी तो अडखळायची वाट बघत होते. उत्तर बरोबर होतं की नाही, ते मला पुस्तक उघडून बघावं लागलं.

"आता तू," तो सहज म्हणाला. "लिव्हर बिघडलं की रक्त गोठायला उशीर का होतो?"

मी आठवून पाहिलं. काहीच आठवेना. "मला येत नाही," म्हणाले आणि रडूच आलं.

तो घाबरला. टीव्ही बंद करून पुस्तक घेऊन माझ्या शेजारी बसला. परीक्षेला चार दिवस उरले होते. तो एकेक मुद्दा सावकाश समजावत होता, आणि मी विचार करत होते, याने टीव्ही खरंच माझ्यासाठी बंद केला, की मॅच संपली होती?